कावेरी अपार्टमेंट्समधलं न संपणारं मीठ

१. नवरीचे केस

बुधवारी सकाळी साडेदहाला कावेरी अपार्टमेंट्सच्या दुसऱ्या मजल्यावर एका नवरीचे केस उभे राहिले आणि पुन्हा बसायला तयार होईनात.

दुसऱ्या मजल्यावर भव्याचं ब्यूटी पार्लर होतं आणि नवरीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. भव्यानं तीनदा शाम्पू लावला, तीनदा फेस आला नाही. चौथ्यांदा धुतल्यावर केसांचं जे काही झालं, त्याचा इलाज तिच्या फळीवरच्या एकाही बाटलीवर लिहिलेला नव्हता. नवरीची आई लेकीभोवती एक पूर्ण फेरी मारून आली. मग शांतपणे म्हणाली, की मुलाकडच्यांनी न सोललेले नारळ आणायला सांगितलेत, त्यातला एक इथूनच झाला.

चेन्नईतल्या क्रोमपेटच्या त्या गल्लीत कावेरीचं पाणी कधीच येत नसे. बिल्डरनं नाव तेवढं दिलं, पाणी बोअरचंच ठेवलं. ते इतकं जड होतं, की बादली रिकामी केली तरी आत चुन्याची दुसरी बादली उरायची. म्हणून दोन वर्षांपूर्वी, दोन हजार चारच्या उन्हाळ्यात, आठ बिऱ्हाडांनी मिळून पाणी मऊ करायचं यंत्र बसवलं होतं. तेव्हापासून साबणाला फेस येत होता, डाळ शिजत होती आणि माणसं एकमेकांशी बरी वागत होती.

भव्याची तक्रार अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष म्हणजे काशिनाथराव, मूळचे तंजावरचे. तीस वर्षं चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका कारखान्यात त्यांनी बोल्ट तपासले आणि निवृत्तीनंतर तोच डोळा माणसांवर वळवला. त्यांनी नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि औषधाचा थेंब टाकला. त्या थेंबानं मऊ पाणी निळं पडतं, जड पाणी लाल. हे कुंकवासारखं लाल झालं.

सगळे पंपाच्या खोलीत गेले. काशिनाथरावांनी मिठाच्या टाकीचं झाकण उघडलं आणि नेहमीप्रमाणे दोनदा शिंकले. तपकीर ओढणं बंद कर, असं त्यांनी पंप सांभाळणाऱ्या राणोजीला बजावलं. राणोजीनं जन्मात तपकीर ओढली नव्हती, पण तो हो म्हणाला.

टाकी मिठानं काठोकाठ भरली होती. आतल्या बाजूला, काठाखाली चार बोटांवर काशिनाथरावांनी स्वतः रंगवलेली तांबडी रेघ होती आणि मीठ त्या रेघेच्या वर होतं.

"यंत्र धुतलं असतं तर मीठ खपलं असतं," काशिनाथराव म्हणाले. "मीठ खपलेलं नाही. जानेवारीतल्या पोंगलपासून आज मे आला, नवं पोतं फुटलेलं नाही. म्हणजे यंत्र धुतलेलं नाही. आणि या वहीत तिसऱ्या-तिसऱ्या दिवशी याची सही आहे."

पंपाच्या खोलीला लागूनच राणोजीची खोली होती. तिथं तो आणि त्याची बायको सरोजा नऊ वर्षं राहत होते. रविवारी दहा वाजता मीटिंग, सोमवारी खोली रिकामी, असं काशिनाथरावांनी जाहीर केलं. काढून टाकल्याचं पत्र सेक्रेटरीनं लिहायचं होतं.

सेक्रेटरीला अजून हे माहीत नव्हतं. तो त्या वेळी एका बंद मोटारीत बसून बाहेरून अंगावर पाण्याचे फवारे घेत होता.

२. चुकून झालेला सेक्रेटरी

सेक्रेटरीचं नाव सिद्धार्थ, वय सव्वीस, गाव सांगली. श्रीपेरुंबुदूरकडच्या मोटार कारखान्यात त्याचं काम असं, की नव्या गाडीत दारं लावून बसायचं, चारी बाजूंनी पाणी मारून घ्यायचं आणि ते कुठून आत येतं ते शोधायचं. थोडक्यात, भिजण्याचा त्याला पगार होता.

सेक्रेटरी तो मान हलवल्यामुळे झाला. फेब्रुवारीतल्या मीटिंगमध्ये कुणीतरी तमिळमध्ये त्याला काही विचारलं. कॉफी घेणार का असं विचारताहेत, अशा समजुतीनं त्यानं मान डोलावली. टाळ्या पडल्या. कॉफी शेवटपर्यंत आली नाही.

माणसं मात्र चांगली होती. जानेवारीत तो राहायला आला तेव्हा इथल्या रीतीप्रमाणे नव्या घरात आधी मीठ आणि हळद जायची होती. सातही बिऱ्हाडांनी एकमेकांना न विचारता मिठाचा एकेक पुडा आणून दिला. सिद्धार्थ मेसमध्ये जेवायचा. त्याच्या स्वयंपाकघरात चहाचं एक पातेलं आणि एक चमचा होता. कात्रीसुद्धा नव्हती; दुधाची पिशवी तो दातांनी फोडायचा. सात किलो मिठाचं एकट्या माणसानं काय करायचं? पण मीठ टाकून देऊ नये, हे त्याच्या सांगलीच्या आजीनं त्याला पोटतिडकीनं शिकवलेलं होतं. त्यामुळे त्यानं ते योग्य जागी पोहोचवलं आणि विसरून गेला.

संध्याकाळी काशिनाथरावांनी त्याला पत्राचा मजकूर सांगितला. सिद्धार्थनं तो लिहून घेतला. खाली सही करायच्या आधी तो राणोजीला भेटून येतो म्हणाला. एखाद्याला घराबाहेर काढायचं तर निदान त्याच्या घरात एकदा जाऊन यावं, असं त्याला वाटलं.

सरोजा दारात मोगऱ्याचे गजरे ओवत होती. तिनं हात थांबवला नाही, पण गजरा जिथं संपायला हवा तिथं संपला नाही, ती ओवतच राहिली.

राणोजीची मराठी तंजावरची, तीनशे वर्षं जपून ठेवलेली. त्यानं सिद्धार्थला पंपाच्या खोलीत नेऊन यंत्र दाखवलं. उंच टाकीच्या पोटात बारीक मणी असतात, पाण्यातला चुना ते धरून ठेवतात, आणि तीन दिवसांत त्यांचे हात भरतात. मग शेजारच्या, कमरेएवढ्या प्लास्टिकच्या टाकीतून मिठाचं पाणी नळीनं ओढून त्यांच्यावरून सोडायचं. मणी मीठ घेतात, चुना सोडतात आणि पुन्हा कामाला लागतात. चुन्याचं पाणी गटारात. मिठाच्या टाकीत तळाला नवं पाणी भरतं, त्यातला पोकळ गोळा तरंगून वर आला की नळ आपोआप बंद होतो, आणि त्या पाण्यात वरचं मीठ हळूहळू विरघळत राहतं. पुढच्या खेपेची तयारी.

"तिसरे दिवशीं मी मण्यांस न्हाऊ घालतों, सार," राणोजी म्हणाला. "एक दिवस चुकविला नाहीं. मीठ कां उतरत नाहीं, तें मला कळना."

"मग पोती न फोडता टाकी भरलेली कशी? मीठ कोण घालतं?"

राणोजीनं सिद्धार्थकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खाली मान घालून म्हणाला, "तेवढं विचारूं नका, सार."

३. राजसबाईंची झोप

माणूस निर्दोष आहे आणि काहीतरी लपवतोही आहे, म्हणजे नक्की काय करायचं, हे सिद्धार्थला कळेना. मोटारीच्या बाबतीत असं होत नसे. मोटार एक तर गळायची नाही तर नाही.

गुरुवारी त्यानं सुट्टी टाकली आणि तळमजल्यावरच्या राजसबाईंकडे गेला. त्या एकट्या राहत. त्यांची खिडकी पंपाच्या खोलीसमोर उघडत असल्यामुळे इमारतीतला सगळा इतिहास त्यांना आवाजावरून पाठ होता. त्यांनी सिद्धार्थला बसवून समोर दोन इडल्या ठेवल्या आणि तो खातो की नाही हे बघत उत्तरं दिली.

राणोजी यंत्र धुतो का? धुतो तर. दर तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला, बरोबर त्यांचा डोळा लागला की, गटारात घळघळ सुरू होते आणि पुढे तासभर चालते. परवाही झाली. त्याच्या तीन दिवस आधीही झाली. त्यांनी बोटांवर मोजून पोंगलपर्यंतच्या सगळ्या मोडलेल्या झोपा सांगितल्या आणि सिद्धार्थनं राणोजीची वही काढून ताडून बघितल्या. एकही सही खोटी नव्हती.

"आणि काशिनाथराव त्याला ओरडायचे?"

"फार." राजसबाईंनी पदरानं हात पुसले. "मीठ तांबड्या रेघेखालीं गेलें, कीं ओरडा. त्या पोराचं तोंड बघवत नव्हतं रे. हल्लीं थांबलें. हल्लीं टाकी भरलेली असते."

नंतर त्या मिठावर बोलत राहिल्या. मीठ म्हणजे लक्ष्मी, शुक्रवारी विकत आणावं, हळदीचं बोट लावून ठेवावं, आणि मिठाच्या भांड्याचा तळ कधी दिसू देऊ नये. तळ दिसला की घरातलं कुणीतरी घराबाहेर पडतं.

सिद्धार्थ निघाला तेव्हा त्यांनी त्याच्या हातावर तिसरी इडली ठेवली. तिच्यावर एक पिवळं बोट उमटलं होतं.

तो तसाच पंपाच्या खोलीत गेला आणि झाकण उचलून मिठाच्या वरच्या थरावर वाकला. पोत्यातलं मीठ करड्या खड्यांचं असतं. वर पसरलेल्या खड्यांना मात्र हळद लागली होती.

४. चमत्कार

शुक्रवारी सकाळी टाकीला हार घातलेला होता.

मीठ खपत नाही ही बातमी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचेस्तोवर बदलली होती. मीठ संपत नाही, असं आता लोक म्हणत होते. कुणीतरी टाकीला कुंकू लावलं. कुणीतरी समोर कापूर पेटवला, आणि टाकी प्लास्टिकची असल्यामुळे तो लगेच विझवला. काशिनाथराव हार काढायला गेले, पण कमलिनीमामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, रांगेत पुढून दुसऱ्या उभ्या होत्या, तेव्हा ते परत फिरले. पाणी अजूनही लालच होतं. देवी आली होती, पण साबणाला फेस येत नव्हता.

सिद्धार्थ रांगेत उभा राहून साक्षी घेत गेला.

भव्या त्याच्याशी तमिळ, इंग्रजी आणि उरल्यास मराठी बोलत असे. नवरीच्या प्रकरणानंतर तिच्याकडे एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं, आणि तरीही राणोजीला काढू नये असं तिचं मत होतं. तिच्याकडे येणाऱ्या नवरीमुलींसाठी गजरे सरोजा करते, पैसे मागून घेत नाही. भव्याचं पार्लर मंगळवारी बंद असतं, कारण मंगळवारी केसांना कुणी कात्री लावत नाही. मग मंगळवारी ती काय करते, असं सिद्धार्थनं सहज विचारलं. भव्यानं त्याचे केस बघितले आणि वेगळाच विषय काढला. तो जरा चांगलाच लांबला. ती गेल्यावर तिथं गुलाबाचा वास राहिला. तिच्या पाय शेकायच्या मिठाला तसाच वास यायचा.

कमलिनीमामींचा स्वभाव नवऱ्याच्या बरोबर उलट. त्या म्हणाल्या, राणोजीवर ओरडून आले की ह्यांचा रक्तदाब चढतो, मग नाश्त्याला बोलत नाहीत, मग दुपारी माझ्यावर ओरडतात. टाकी भरलेली दिसली की दिवस चांगला जातो. मार्चमध्ये त्यांनी बाळकैऱ्या खारवल्या होत्या. कैऱ्या छान झाल्या होत्या. मोहरी-मिरचीची पूड घालून मीठ जरा जास्तच कालवलं गेलं होतं. उरलेल्याचं काय केलं ते त्यांना आठवत नव्हतं.

"काशिनाथराव झाकण उघडलं की शिंकतात," सिद्धार्थ म्हणाला.

"त्यांना थंडी बाधते," कमलिनीमामी म्हणाल्या. मे महिन्यातल्या चेन्नईत हे त्यांनी न हसता सांगितलं.

आता वरून मीठ कोण घालतं ते सिद्धार्थला कळलं होतं. पण वरून घातलेलं मीठही खालून विरघळायलाच हवं होतं. असल्या दहा-वीस मुठींनी टाकी चार महिने भरलेली राहत नाही. मुठी सोडल्या तरी मुख्य प्रश्न तसाच होता. पाणी मीठ खात का नाही?

आणि मीटिंगला दोन रात्री उरल्या होत्या.

५. दाराचा आवाज

शनिवारी तो कामावर गेला, गाडीत बसला, पाणी मारून घेतलं. गाडी कोरडी निघाली. उतरताना त्यानं सवयीनं चारी दारांवर बोटाच्या पेरानं टकटक केली. पाणी कधीकधी आत न येता दाराच्या पोटात साठतं, मग ते दार वेगळं वाजतं. तीन दारं सारखी वाजली, चौथं निराळं. चौथ्या दाराच्या पोटात लोटाभर पाणी निघालं.

सिद्धार्थनं ते लोटाभर पाणी बघितलं आणि पुढच्या बसची वाट न बघता रिक्षा केली.

पंपाच्या खोलीत त्यानं गुडघे टेकले, हार बाजूला केला आणि टाकीच्या बाहेरून टकटक केली. वरच्या वीतभर भागात आवाज ठस्स आला, भिंतीसारखा. तिथून खाली ढब्ब, रिकाम्या माठासारखा. अगदी तळाशी पुन्हा जड, पाण्याचा.

त्यानं तीनदा वाजवून बघितलं. टाकी तिन्ही वेळा तेच म्हणाली.

भरलेली टाकी रिकामी होती.

त्याच वेळी मागून राणोजीचा आवाज आला. खोलीतली भांडी तो गोणीत भरत होता. सोमवारची वाट कशाला बघायची, असं त्याचं म्हणणं होतं. काशिनाथरावांसमोर ओरडा खाऊन जाण्यापेक्षा आजच जावं. सरोजेचा भाऊ तांबरमला असतो.

"उद्या दहापर्यंत थांब," सिद्धार्थ म्हणाला. "आणि सरोजाकडे नारळ सोलायची पहार आहे ना? ती मला लागेल."

राणोजीला ते पटल्यासारखं वाटलं नाही, पण पहार मात्र त्यानं दिली.

६. वडी

रविवारी दहाला आठही बिऱ्हाडं पंपाच्या खोलीच्या दारासमोर, वाहनतळात खुर्च्या टाकून बसली. काशिनाथरावांनी पत्र मागितलं. सिद्धार्थ म्हणाला, पत्र तयार आहे, नाव तेवढं घालायचंय, ते टाकीला विचारून घालू.

सगळे दाराशी गोळा झाले. त्यानं आत जाऊन झाकण काढलं, पहार मिठात उभी धरली आणि दाबली. काही झालं नाही. राणोजी पुढे आला. दोघांनी मिळून जोर केला. आतून एक दणदणीत आवाज झाला, टाकीनं ढेकर दिल्यासारखा, आणि पहार हातभर खाली गेली. मिठाचा अख्खा थर मधून फुटून कलला. त्याच्या खाली काहीच नव्हतं. हातभर पोकळी, आणि तळाला वीतभर पाणी.

सिद्धार्थनं त्या पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि राजसबाईंना चाखायला दिलं. त्यांनी निकाल दिला, की याहून खारट रसम त्या उपासाला करतात.

"राणोजी खरंच दर तिसऱ्या दिवशी यंत्र धूत होता," सिद्धार्थ म्हणाला. "राजसबाईंची झोप त्याला साक्षी आहे. तळाच्या पाण्यानं चार महिने खालचं मीठ खाल्लं आणि आता ते संपलं. वरचं मीठ खाली यायला हवं होतं, पण त्याचं छत झालं आणि ते भिंतींना धरून अधांतरी राहिलं. मग यंत्र नळीनं पाणी ओढायचं, पण त्याला मीठ लागलेलंच नसायचं. मणी बिनमिठाच्या पाण्यानं न्हायचे. चुना जायचा कसा?"

काशिनाथरावांनी वाकून पोकळीत बघितलं. कारखान्यातला माणूस, पुरावा दिसला की तो नाकारत नसे. फक्त एवढंच म्हणाले, की मीठ आपण होऊन छत बांधत नाही.

"नाही," सिद्धार्थ म्हणाला, आणि छताचा एक तुकडा बाहेर काढून रिकाम्या खुर्चीवर ठेवला. ती चुकून अध्यक्षांची खुर्ची होती.

तुकड्यावर कापलेल्या वडीसारखे थर दिसत होते. वरच्या भागात पिवळा, गुलाबी, पिवळा, गुलाबी, अशा बारीक रेघा. पिवळी हळद शुक्रवारची, त्यानं सांगितलं. गुलाबी मंगळवारची, वास घेऊन बघा. त्याखाली तांबूस पट्टा. तिथं काशिनाथरावांनी नाक नेलं आणि दोनदा शिंकले.

कमलिनीमामींनी पदर तोंडाला लावला.

मग एकेकजण बोललं. राजसबाई रोजचा ओरडा ऐकून मूठभर टाकायच्या, म्हणजे रेघ झाकली जाईल. भव्याही त्याचसाठी. कमलिनीमामी नाश्त्यासाठी. कुणालाच कुणाचं माहीत नव्हतं. तिघींनाही वाटत होतं की राणोजी आपल्या मुठीवर तगून आहे.

"मूठ-मूठ मिठानं एवढं जाड छत होत नाही," काशिनाथराव म्हणाले. त्यांनी खुर्चीवरचा तुकडा उलटा केला. खालची बाजू पांढरी, पिठासारखी बारीक आणि संगमरवराइतकी टणक होती. "हे खड्याचं मीठ नाही. हे जेवणातलं, पुड्यातलं. ओल लागली की पिठासारखं आळतं आणि घट्ट बसतं. पाच-सात किलो तरी असेल. छत याचं आहे, बाकीच्यांनी वरून नुसती कौलं घातलीत. हे कुणी टाकलं?"

सिद्धार्थनं तुकडा उजेडात धरला. टणक थरात प्लास्टिकचा एक लहानसा त्रिकोण रुतला होता, पुड्याचा फाडलेला कोपरा. त्याच्यावर दातांच्या खुणा होत्या. पुढच्या दोन दातांमध्ये मोठी फट होती.

सिद्धार्थनं जिभेनं आपल्या पुढच्या दातांमधली फट चाचपली.

७. खालचा थर

काशिनाथरावांनी हात पुढे केला. तो त्रिकोण त्यांना हवा होता.

"माझं आहे, सार," राणोजी म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. सरोजा दारात उभी राहून नवऱ्याकडे बघत होती, पण तिनं त्याला अडवलं नाही.

"मीच टाकिलें. पोंगलच्या आधीं. चूक झाली."

काशिनाथरावांनी सुस्कारा टाकला. पत्रातल्या रिकाम्या जागेचा प्रश्न सुटला होता. एवढं सगळं होऊनही नाव तेच निघालं, याचं त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं असावं, कारण पेन त्यांनी लगेच उघडलं नाही.

सिद्धार्थ त्या क्षणी गप्प बसू शकला असता. तपास झाला होता. कबुली आली होती. तो सेक्रेटरी होता, पाहुण्यासारखा होता, आणि कॉफी अजून यायची होती. त्यानं राणोजीकडे बघितलं. बुधवारी राणोजीनं त्याच्याकडे इतका वेळ का बघितलं होतं, ते त्याला आता कळलं.

त्यानं तो त्रिकोण पुढच्या दातांत धरला आणि सगळ्यांकडे वळून ओठ वर केले. फट फटीत बसली.

"तुम्ही सगळ्यांनी नव्या घराला मीठ दिलंत," तो दात न उघडता म्हणाला, त्यामुळे ते सगळ्यांना दोनदा ऐकावं लागलं. मग त्यानं त्रिकोण काढला. "सात पुडे. मी मेसमध्ये जेवतो. टाकून द्यायचं धाडस झालं नाही. मिठाची टाकी दिसली, तिच्यात ओतलं. छत मी बांधलं. पत्रात माझं नाव घाला."

सातही बिऱ्हाडं आपापला पुडा आठवत होती.

"तू कशाला म्हणालास तुझं म्हणून?" त्यानं राणोजीला विचारलं.

राणोजी पहारीवरचं मीठ पुसत राहिला. "मी पाहिलें होतें तुमाला. पुडे फेकिले नाहींत, हळू ओतिले, मग झांकण पुसून ठेविलें. राजसआजीस पाहिलें, भव्याम्मास पाहिलें, मामीस पाहिलें. सगळे माझ्यासाठींच घालीत होते. त्यांचीं नांवें सांगून माझी खोली राखायची, तें सरोजेस आवडलें नसतें."

"खोली गेलेली चालली असती?"

"खोली दुसरी मिळती, सार."

काशिनाथराव वळले आणि तडक वर गेले. ते रागावले असं सगळ्यांना वाटलं. पाच मिनिटांनी ते खाली आले तेव्हा त्यांच्या एका हातात यंत्राबरोबर आलेलं पुस्तक होतं, दुसऱ्या हातात रंगाचा डबा. यंत्र बसवणारा माणूस आला होता तेव्हा त्यांनी राणोजीला कॉफी आणायला पाठवलं होतं आणि सगळ्या सूचना स्वतः ऐकून घेतल्या होत्या. मीठ संपू देऊ नका, असं तो म्हणाला होता. काशिनाथरावांनी त्याचा अर्थ काठोकाठ असा घेतला. पुस्तक त्यांनी कपाटात कुलपात ठेवलं, आणि आज पहिल्यांदा नीट वाचलं. मीठ खड्याचंच. अर्ध्याहून थोडं वर, त्यापेक्षा जास्त नाही. खाली उतरू द्यावं, मग नवं घालावं. अधूनमधून काठीनं खुपसून बघावं. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून धुवावी.

त्यांनी वाकून तांबड्या रेघेवर पांढरा रंग फिरवला. मग बरीच खाली नवी रेघ ओढली आणि कुंचला धरून राणोजीकडे बघितलं.

"इथं ठीक आहे ना?"

नऊ वर्षांत त्यांनी राणोजीला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. राणोजीनं बोट ठेवलं, दोन बोटं खाली. काशिनाथरावांनी रेघ पुसली आणि दोन बोटं खाली ओढली.

शिक्षा म्हणून टाकी सिद्धार्थनं धुवावी असा ठराव झाला. तो तमिळमध्ये झाला आणि या वेळी सिद्धार्थनं समजून मान डोलावली. दुपारपर्यंत तो टाकीत उभा होता, राणोजी बाहेरून बादल्या देत होता. छत फोडून काढलं, तळाची जाळी घासली, तरंगत्या गोळ्यावरची खपली खरवडली, नवं खड्याचं मीठ नव्या रेघेपर्यंत घातलं. मग पाणी भरून चार तास थांबले, आणि मण्यांना दोनदा न्हाऊ घातलं. राजसबाईंची झोप दोनदा मोडली. त्यांनी तक्रार केली नाही.

संध्याकाळी काशिनाथरावांनी थेंब टाकला. पाणी निळं झालं. त्यांनी ते राणोजीच्या हातात दिलं आणि वहीत सही त्यानंच करावी म्हणाले.

टाकीवर आता मराठी, तमिळ आणि इंग्रजीत एक पाटी आहे: या टाकीत दयेपोटी मीठ घालू नये. तरी शुक्रवारी राजसबाई मूठ घेऊन आल्याच. राणोजीनं ती मूठ ओंजळीत घेतली आणि घरात जाऊन सरोजेच्या बरणीत ठेवली. मंगळवारी भव्या आली, तिचं गुलाबी मीठ त्यानं मात्र नम्रपणे परत केलं.

पुढच्या रविवारी त्यानं सिद्धार्थला जेवायला बोलावलं. केळीच्या पानावर भात, वरणासारखं घट्ट सांबार, सरोजेच्या हातचं. दोघं नवराबायको समोर बसून तो पहिला घास कधी घेतो ते बघत होते.

सांबारात मीठ अंमळ जास्तच पडलं होतं. सिद्धार्थनं दोनदा वाढून घेतलं, आणि ते कुणालाही सांगितलं नाही.